फॉलोअपवाली

बद्रीनाथ दांडगे वर्षातून एकदा अगदी गुळगुळीत दाढी करायचा, आणि ती बायकोसाठी नसायची.

दवाखान्याची स्वरदाताई तपासायला यायची त्या सकाळी तो आरशापुढं दोनदा साबण लावायचा आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा. त्या दिवशी करमाडच्या मोसंबीच्या बागेत जायचं सोडून पुंडलिकनगरच्या घरात दाराकडं तोंड करून खुर्चीत बसायचा. मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून हे पंधरा वर्षं बघत आली होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यानं आपली अशी वाट बघितल्याचं तिला एकदाही आठवत नव्हतं.

बद्रीनाथला त्रेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. शहरातल्या दवाखान्यात तो वाचला. तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच एक अभ्यास सुरू केला होता. पंचेचाळिशीच्या आत ज्यांना अटॅक येतो, ती माणसं पुढं किती जगतात आणि कशी जगतात, हे त्यांना वीस वर्षं बघायचं होतं. आसपासच्या जिल्ह्यांतली सहाशे बारा माणसं त्यात नोंदवली गेली, त्यात बद्रीनाथही होता. दर सहा महिन्यांनी फोन, वर्षातून एकदा घरी येऊन वजन, बीपी, रक्त आणि प्रश्नांची लांबलचक यादी. हे काम करायला दवाखान्यानं जी माणसं नेमली त्यांत स्वरदा पैठणकर होती. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, सडपातळ, गळ्यात ओळखपत्र आणि खांद्याला जड बॅग. मनकर्णानं तिला पहिल्या वर्षी पोहे करून खाऊ घातले होते. त्या वर्षी तिला काहीच वाटलं नव्हतं.

वाटायला लागलं ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. फोन आला की बद्रीनाथ गॅलरीत जायचा. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस तिथं वीस-वीस मिनिटं बोलायचा, मधूनच हसायचा. गॅलरीला लागून स्वयंपाकघराची खिडकी होती. एकदा कणीक मळताना मनकर्णाच्या कानावर आलं, "ताई, बागेत एकटा असलो की भ्या वाटतं. शेजारच्या कडुबाच्या शेतात जाऊन बसतो मग. घरी सांगत नाय."

मनकर्णाचे हात परातीत तसेच राहिले. गेल्या महिन्यातच तिनं विचारलं होतं, कडुबाकडं एवढं काय काम असतं तुमचं? तेव्हा तो म्हणाला होता, ठिबकच्या नळ्या बघायच्यात.

पुढं तिला अशाच खिडकीतून बरंच काही कळत गेलं. जिन्याच्या वळणावर तो थांबतो, ते कुणाची वाट बघत नाही, त्याला दम लागतो. मिठाशिवायची भाजी त्याला नकोशी होते, पण तो बोलत नाही. मुलाच्या लग्नात तो मांडवामागं जाऊन रडला होता. ज्या बाईनं पंधरा वर्षं त्याच्या गोळ्या वेळेवर हातात दिल्या, त्याच्यासाठी स्वतःही अळणी खाल्लं, तिला हे सगळं चोरून ऐकावं लागत होतं. जिला ते आयतं सांगितलं जात होतं, ती ते कागदावर उतरवून घेऊन पुढच्या घरी जात होती.

स्वरदाचं लग्न झालं तेव्हा बद्रीनाथनं मोसंबीची करंडी पाठवली. तिला मुलगी झाली तेव्हा परत पाठवली. मनकर्णाला दुसऱ्या कसल्या नात्याचा संशय आला नव्हता, तो माणूस तसा नव्हताच. संशय घेता आला असता तर भांडता तरी आलं असतं. इथं भांडायचं कशावरून? नवरा दवाखान्याच्या बाईला आपली तब्येत सांगतो, याचा राग येतो असं कुणाला सांगितलं तर लोक हसले असते. म्हणून ती कुणाला सांगत नव्हती, आणि ती आच आतल्या आत धुमसत राहिली.

या वर्षी मे महिन्यात बद्रीनाथ फोन घरी विसरून करमाडला गेला. मुलगा सत्यम शेंद्र्याच्या कंपनीत होता. सून दीपमाला चार दिवस माहेरी गेली होती. घरात मनकर्णा एकटीच शेंगदाणे भाजत बसली होती. फोन वाजला. पडद्यावर 'स्वरदाताई' असं नाव आलं. मनकर्णाच्या स्वतःच्या नंबरापुढं त्याच फोनात 'घर' असं लिहिलेलं होतं.

"काका आहेत का?" स्वरदानं विचारलं.

"नायत."

"कधी येतील? मी परत करते."

आवाजात एवढा मोकळेपणा होता, एवढा हक्क होता, की मनकर्णाच्या कपाळावरची शीर ताठली. "गेले ते," ती तुटकपणे म्हणाली.

तिला म्हणायचं होतं, करमाडला गेले. पण पलीकडं एकदम सगळं गप्प झालं. मग स्वरदानं विचारलं, "कधी?" आणि तो आवाज आता मघाचा राहिला नव्हता.

ती काय समजली हे मनकर्णाला तिथंच कळलं. एक शब्द बोलायचा होता, आणि तो तिच्या जिभेवर होता. पण तिकडून हुंदका ऐकू आला, आणि तिच्या मनात आलं, माझ्या नवऱ्यासाठी रडणारी ही कोण?

"झाले पंधरा दिस," ती म्हणाली.

स्वरदाला पुढं धड बोलता आलं नाही. मी नंतर येऊन जाते, तुम्ही जपा, एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. मनकर्णानं आलेल्या फोनची नोंद पुसून टाकली. कढईतले शेंगदाणे काळे पडले होते. संध्याकाळी बद्रीनाथ घरी आला, जिन्याच्या वळणावर थांबला, वर आला, पाय धुतले. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही.

पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. मग भीती शिरली. त्याला साधी शिंक आली तरी ती हातातलं काम टाकून बघायला यायची. वटपौर्णिमेला गल्लीतल्या बायकांबरोबर ती वडाला गेली. सूत गुंडाळता गुंडाळता तिसऱ्या फेऱ्याला तिचा हात अडला. ज्याला आपण तोंडानं मारून टाकलं त्याच्यासाठी आता आयुष्य मागायचं? मागं उभी असलेली वच्छलाबाई म्हणाली, सरका पुढं, ऊन लागतंय. मनकर्णा सरकली आणि सात फेरे पुरे केले.

त्या रात्री सांगून टाकायचं असं ठरवूनच ती घरी आली. पण ताट वाढताना बद्रीनाथच म्हणाला, "दवाखान्याचा फोन आल्ता का?"

"नाय."

"मे संपून जून लागला. ताई कधी विसरत नसती."

"लागलं असंल दुसरीकडं काम. लोकं काय जन्मभर एकाच जागी ऱ्हातेत का?"

"मला सांगितल्याबिगर नाय जायची ती," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

त्या एका वाक्यानं तिचा बेत बारगळला. पुढं आणखी दोनदा तसंच झालं. ती तोंड उघडायला जायची आणि तो ताईचं नाव काढायचा. तो दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. गॅलरीत फोन घेऊन नुसता बसायचा. तुम्हीच फोन करून बघा, असं एकदा सत्यमनं सुचवलं, तर म्हणाला, तिला कामं असतेत, उगं कामून तरास द्यायचा.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमाराला, दाराची बेल वाजली. दारात स्वरदा उभी होती. मनकर्णाच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात वटपौर्णिमेला भरलेला हिरवा चुडा होता. स्वरदाची नजर कुंकवावर गेली, चुड्यावर गेली. मनकर्णानं मनात म्हटलं, संपलं आता.

स्वरदानं पुढं होऊन तिचे दोन्ही हात धरले. "बरं केलंत काकू," ती म्हणाली, "काही उतरवलं नाहीत ते. काकांनाही तेच आवडलं असतं."

काकांना काय आवडलं असतं, हेही हिनंच सांगायचं! मनकर्णानं हात सोडवून घेतले आणि तिला आत बसवलं.

स्वरदानं बॅगेतून फाइल काढली. पंधरा वर्षांची जाड फाइल होती ती, वर शहराचं जुनं नाव छापलेलं. तिनं समजावून सांगितलं, अभ्यासातलं माणूस गेलं की घरच्यांना विचारून एक फॉर्म भरावा लागतो. कशानं गेलं ते नीट कळलं नाही तर एवढ्या वर्षांच्या मेहनतीला खोट येते. आतापर्यंत तिनं असे चाळीस फॉर्म भरले होते. "हा भरायचं माझ्या जिवावर आलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला पाठवणार होते. पण मग म्हटलं, आपणच जायला पाहिजे."

मग प्रश्न सुरू झाले. शेवटच्या महिन्यांत झोपताना दम लागू नये म्हणून उशा किती घ्यायचे? मनकर्णा म्हणाली, एक. मागच्या वर्षी तर दोन सांगितल्या होत्या त्यांनी, स्वरदा हळूच म्हणाली. पायावर सूज यायची का? ठाऊक नाही. चालताना डावा हात दुखायचा का? ठाऊक नाही. कशाची भीती वाटते असं बोलायचे का?

"मला नाय बोलायचे," मनकर्णा म्हणाली. "तुला बोलायचे."

स्वरदानं मान वर करून बघितलं. मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला. गेले त्या दिवशी काय काय झालं, आठवेल तसं सांगा.

खोटं मरण रचायचं होतं. पण मनकर्णाला रचता येईना. तोंड उघडलं आणि जे तिच्याजवळ होतं तेच बाहेर यायला लागलं, पंधरा वर्षांपूर्वीचं.

"बागेत झाडांना आळी करत होते," ती म्हणाली. "मी भाकर घेऊन गेल्ते. कुदळ हातातून गळाली. खाली बसले. मला म्हनले, मनकर्णा, आभाळ खाली येऊ ऱ्हायलं. मी डोस्कं मांडीवर घेतलं. घामानं माझं लुगडं भिजलं सगळं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी वरडले, लई वरडले, तवा कुठं कडुबा टेम्पो घेऊन आला. टेम्पोत दोघंच होतो मागं. माझा पदर त्यांनी मुठीत धरला होता. सोडेनात. म्हनले, तू बोलत ऱ्हा, तुझा आवाज ऐकू येऊ दे. मी सारा रस्ताभर बोलत आले. काय बोलले ते आठवत नाय. पिकाचं, पावन्यारावळ्याचं, काय काय."

बोलताना तिचे डोळे वाहत होते. स्वरदाचा पेन भराभर चालत होता. आणि रडता रडताच मनकर्णाच्या ध्यानात आलं, हे हिला ठाऊक नाही. हिची फाइल दवाखान्याच्या खाटेपासून सुरू होते. त्याआधीचा तो करमाडपासूनचा रस्ता या फाइलीत कुठंच नाही.

"मग?" स्वरदानं विचारलं. "टेम्पोतच गेले?"

मनकर्णाला हो म्हणता येईना. त्याच वेळी खाली फाटक वाजलं. जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. वळणावर येऊन थांबली. मनकर्णा कान देऊन बसली. रोजच्यापेक्षा तो जास्त वेळ थांबला होता. स्वरदा अजून लिहीतच होती.

दार उघडंच होतं. बद्रीनाथ आत आला. त्याच्या हातात बांधावरच्या आंब्यांची पिशवी होती, चेहरा घामानं डबडबलेला. बागेत बरं वाटेना म्हणून तो लवकर परतला होता. स्वरदाला बघताच त्याचा चेहरा एकदम उजळला.

"ताई! या टायमाला फोन नाय केला तुम्ही."

स्वरदा उठून उभी राहिली, परत खाली बसली. तिनं बद्रीनाथकडं बघितलं, मनकर्णाकडं बघितलं. रंग उतरलेल्या चेहऱ्यानं तिनं पुढचा कागद उलटा करून ठेवला आणि पाणी मागितलं. पाणी प्यायल्यावर म्हणाली, "तुमचा फोन लागत नव्हता काका. माझ्याकडूनच काहीतरी नोंद चुकली. म्हणून स्वतःच आले."

तिनं झाकून घेतलं होतं. मनकर्णाला ते सोसलं नाही. या बाईनं आपल्याला सांभाळून घ्यावं, आपल्याच नवऱ्यापासून, आपल्याच घरात! त्यापेक्षा उघडं पडलेलं बरं.

"तिची काय चूक नाय," ती म्हणाली. "मी सांगितलं तिला तुम्ही गेले म्हनून. फोनवर. तिनं लिहून घेतलंय."

बद्रीनाथनं पिशवी खाली ठेवली. त्याला समजायला वेळ लागला. मग तो खुर्चीवर बसला आणि जमिनीकडं बघत त्यानं विचारलं, "कामून?"

"तुम्हाला भ्या वाटतं ते तिला ठाऊक. दम लागतो ते तिला ठाऊक. मला खिडकीतून कळतं. मी कोण हाय मग? गोळ्या देनारी?"

स्वरदा उठून गॅलरीत जायला निघाली, तर त्यानं तिला हातानंच थांबवलं. "बसा ताई. तुमच्यासमोरच सांगतो." मग तो बायकोकडं वळला. "तिला सांगितलं तर ती लिहून घेते आन् जाते. तुला सांगितलं तर तू माझ्या उशाला बसून ऱ्हाते. पहिल्या वर्षी आठवतं का? मी कूस बदलली तरी उठून बसायची. नाकापुढं बोट धरायची. वाळून काडी झालती तू. तवाच ठरवलं, हिला काय सांगायचं नाय."

मनकर्णाला ते आठवत होतं. तो जागा असायचा हे मात्र तिला आज कळलं.

स्वरदानं डोळे पुसले. तिलाही राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही. "काकू, त्या दिवशी मी ऑफिसातून तशीच घरी गेले," ती म्हणाली. "घरी कुणाला सांगताही येईना, कोण गेलं माझं ते." एवढंच बोलून तिनं बीपीचं मशीन काढलं. बीपी वाढलेलं होतं. नाडी तिनं दोनदा मोजली. मग नेहमीची यादी काढली आणि पहिला प्रश्न विचारला, किती पायऱ्या चढल्यावर थांबावं लागतं?

बद्रीनाथनं मनकर्णाकडं बघितलं. "कुठंच नाय," तो म्हणाला.

आताच तो वळणावर थांबला होता, मनकर्णानं ते ऐकलं होतं. स्वरदाचा पेन कागदावर टेकलेला राहिला. मनकर्णाच्या मनात आलं, आपण इथं बसलो तर हा असाच खोटं सांगत राहील, आणि ती तेच लिहील. ती उठली. आंब्याची पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेली, खिडकी लावली, दार ओढून घेतलं, आणि आंबे धुवायला नळ मोठा सोडला. एक शब्दही कानावर येऊ नये म्हणून आंबे तीन-तीनदा धुतले. जीव तिकडंच होता. पण ती बाहेर आली नाही.

जाताना दारात तिनं स्वरदाला विचारलं, काय काय म्हनले? स्वरदा म्हणाली, ते सांगता यायचं नाही काकू, तसा नियम आहे. पण गुरुवारी त्यांना दवाखान्यात आणा. टाळू नका. आणि तुम्हीच सोबत या.

गुरुवारी ती दोघं गेली. सत्यम रजा टाकतो म्हणाला होता, मनकर्णानं नको म्हटलं. दवाखान्याच्या लांब बोळात बाकांवर गर्दी होती. बद्रीनाथ गुळगुळीत दाढी करून, पांढरा शर्ट घालून बसला होता, आणि दर दोन मिनिटांनी त्याची नजर बोळाच्या टोकाला जात होती. ती कुणाला शोधते आहे हे मनकर्णाला सांगावं लागत नव्हतं. तीच जुनी आच परत उठली. एवढं सगळं होऊनसुद्धा गेली नव्हती.

मग स्वरदा दिसली. बोळाच्या त्या टोकाला ती एका म्हाताऱ्यापुढं उकिडवी बसली होती. म्हातारा काहीतरी सांगत होता, तिचे हात हातात धरून. ती मान हलवत होती, हसत होती, 'हो काका, हो काका' म्हणत होती. मांडीवर तशीच जाड फाइल होती. म्हाताऱ्यानं पिशवीतून पेरू काढून तिच्या ओंजळीत ठेवले, आणि तिनं ते वास घेऊन बॅगेत टाकले. तिला इकडं बघायलाही सवड नव्हती.

बद्रीनाथ बघत होता. मनकर्णानं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्याचा ओठ किंचित मुडपला होता, भुवया एकत्र आल्या होत्या. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. तिनं तो कधी त्याच्यावर बघितला नव्हता, पण आतून कसा असतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"किती लोकं हायेत म्हनली होती ती?" त्यानं विचारलं.

"सहाशे बारा."

"हं," तो म्हणाला.

मनकर्णाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिला त्याची दया आली, आणि स्वतःचीही थोडी. तिनं त्याच्या शर्टाची मुडपलेली कॉलर सरळ केली.

तेवढ्यात खिडकीतून नाव पुकारलं गेलं. दोघं आत जाऊन बसली तशी डॉक्टरांनी विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे? मी हाय, मनकर्णा म्हणाली. डॉक्टर बद्रीनाथला म्हणाले, बोला, काय त्रास होतो? त्यानं बायकोकडं बघितलं. मनकर्णा उठायला लागली, मी भाईर बसते म्हणाली. तर त्यानं तिच्या पदराचं टोक धरलं.

"जिन्यात दम लागतो," तो डॉक्टरांना म्हणाला, बायकोकडं न बघता. "चार महिने झाले. आन् डावा हात भरून येतो."

हृदयाची एक नळी परत अरुंद झाली होती. पुढच्या सोमवारी स्टेंट बसवला. मनकर्णा आठ रात्री उशाला बसली, आणि त्यानं बसू दिलं.